मागच्या बाकावर कोण बसले होते?

एम.एस्सी.चा निकाल लागून दोन महिने झाले होते. तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात मला तासिका तत्त्वावर गणिताचे तास मिळाले. पहिला तास प्रथम वर्षाचा, ४८ मिनिटांचा. त्यासाठी मी चार दिवस टिपणे काढत होतो आणि ती टिपणे १८ मिनिटांत संपली. फळा दोनदा भरला, दोनदा पुसला. एकदाही वळून वर्गाकडे पाहिले नाही. तास सुटल्यावर पुढच्या बाकावरची एक मुलगी अडखळत म्हणाली, "सर, तुम्ही लिहिता तेव्हा हात आड येतो." शिकवण्याबद्दल त्या वर्षभरात मला मिळालेली ती एकमेव सूचना. हजेरीपट तपासला गेला, अभ्यासक्रम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही घेतली गेली, पण माझा तास कसा होतो हे पाहायला वर्गात कोणीही आले नाही.

त्याच वर्षी माझी मामेबहीण बी.एड. करत होती. आधी सूक्ष्म पाठ, मग शाळेत सराव पाठ. प्रत्येक पाठाचे टाचण अगोदर तपासून घ्यायचे, आणि पाठ चालू असताना मार्गदर्शक मॅडम आणि सोबतच्या दोघी-तिघी मागच्या बाकावर निरीक्षणवह्या घेऊन बसायच्या. दिवाळीत तिने तिची टाचणवही दाखवली. एका पानावर लाल शाईत शेरा होता: 'प्रश्न विचारला आणि उत्तर स्वतःच दिले.' तो शेरा माझ्या तासावरच लिहिल्यासारखा वाटला. सहावीच्या वर्गाला अपूर्णांक शिकवणाऱ्या मुलीच्या मागे तीन माणसे बसतात आणि पदवीच्या वर्गाला कलनशास्त्र शिकवणाऱ्याच्या मागे कोणीच नाही, हे असे का झाले? हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला आहे. त्याचे उत्तर शोधत गेलो तेव्हा कळले की तो बाक नेहमी रिकामा नव्हता.

पीएच.डी. मिळवलेल्याला आपण डॉक्टर म्हणतो. हा शब्द 'शिकवणे' या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आला आहे. युरोपातल्या पहिल्या विद्यापीठांत पदवी म्हणजे शिकवण्याचा परवाना होता. ११७९ च्या लॅटरन धर्मपरिषदेने ठरवून टाकले की हा परवाना देताना पैसे घ्यायचे नाहीत आणि लायक माणसाला तो नाकारायचा नाही. १२१५ मध्ये पॅरिस विद्यापीठासाठी नियम झाले. कलाशाखेत शिकवणारा किमान २१ वर्षांचा हवा, त्याने ६ वर्षे व्याख्याने ऐकलेली हवीत आणि अडचण नसेल तर निदान २ वर्षे शिकवीन असे वचन त्याने द्यायला हवे. धर्मशास्त्रासाठी वयाची अट ३५. पदवी घेऊन निघून जाण्याची सोय नव्हती. पदवी मिळाली म्हणजे शिकवायचे, ही त्या व्यवहारातली मूळ अट होती.

माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते परवाना मिळण्याआधीचे. धर्मशास्त्राचा विद्यार्थी मध्यावर पोचला की त्याला 'बॅचलर' म्हणून वर्ग दिला जाई, तोही त्याच्या गुरूच्या देखरेखीखाली. आधी त्याने बायबलवर भरभर, शब्दार्थापुरती व्याख्याने द्यायची. ती जमली की पीटर लोंबार्डच्या 'सेंटेन्सेस' या ग्रंथावर सविस्तर शिकवायचे. शिवाय गुरूच्या जाहीर वादसभेत समोरून आलेल्या आक्षेपांना उत्तरे देणे हेही त्याचेच काम. धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस १२५२ पासून पॅरिसमध्ये या पायऱ्या चढला आणि १२५६ मध्ये वयाच्या अटीतून सूट मिळून मास्टर झाला. शेवटच्या समारंभात नव्या मास्टरच्या डोक्यावर टोपी ठेवत आणि त्याने सर्वांसमोर पहिले व्याख्यान द्यायचे. आज दीक्षान्त समारंभात घालतात ती टोपी त्या व्याख्यानाच्या सोबतीने आली आहे. टोपी राहिली, व्याख्यान गळून पडले.

आपल्याकडे वेदपाठशाळेत हे अजून पाहायला मिळते. मोठा विद्यार्थी धाकट्याला संथा देतो आणि गुरुजी दोन हातांवर बसलेले असतात. स्वर चुकला की मान न वळवता तिथूनच दुरुस्ती येते. ती दुरुस्ती धाकट्याइतकीच मोठ्यासाठीही असते.

मग पॅरिसची ही रीत कुठे हरवली? माझा माग जर्मनीत जाऊन पोचतो. १७८७ मध्ये हाले इथे फ्रीडरिख आउगुस्ट वोल्फ याने भाषाशास्त्राचा सेमिनार सुरू केला. हेतू होता शाळांना चांगले शिक्षक पुरवण्याचा. विद्यार्थ्यांनी आळीपाळीने उभे राहून एखादा उतारा उलगडायचा आणि बाकीच्यांनी त्यातल्या चुका काढायच्या. म्हणजे सगळेच मागच्या बाकावर. पण १८१० मध्ये बर्लिन विद्यापीठ निघाले, ज्ञाननिर्मिती हे विद्यापीठाचे पहिले काम ठरले, आणि जर्मन विद्यापीठांत सेमिनार शिक्षक घडवण्याऐवजी संशोधक घडवू लागला. उतारा समजावून सांगण्याची जागा प्रबंध वाचण्याने घेतली. विद्यापीठात शिकवायचे असेल तर पीएच.डी.नंतर आणखी एक प्रबंध आणि प्राध्यापकांपुढे एक चाचणी-व्याख्यान द्यावे लागे. जुन्या रीतीचा तेवढाच धागा उरला.

अमेरिकेने ही पीएच.डी. जशीच्या तशी उचलली. येल विद्यापीठाने १८६१ मध्ये पहिल्या तीन पदव्या दिल्या. १८७६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ मुख्यतः संशोधनासाठी उघडले आणि वर्षाला ५०० डॉलरच्या फेलोशिपा देऊन देशभरातून हुशार तरुण गोळा केले. तिथून पीएच.डी. होऊन बाहेर पडलेले बहुतेक जण पोटापाण्यासाठी कॉलेजात शिकवूच लागले, पण ते काम त्यांना कोणी शिकवले नव्हते. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०३ मध्ये 'पीएच.डी. ऑक्टोपस' या नावाचा लेख लिहिला. त्यांच्या ओळखीच्या एका माणसाला साहित्य शिकवण्याची नोकरी मिळाली होती, पण पीएच.डी. नाही म्हणून कॉलेज अडून बसले. ही पदवी हाती असलेला माणूस वर्गात चांगला शिकवेल याची काय खात्री, असा जेम्स यांचा सरळ प्रश्न होता. सव्वाशे वर्षे होत आली, तो प्रश्न आपल्या प्रत्येक निवड समितीच्या टेबलावर तसाच पडून आहे.

ही उलथापालथ तिकडे चालू असताना पुण्या-मुंबईत एक वेगळी गोष्ट घडत होती, आणि ती आपण पार विसरलो. सेनापती खंडेराव दाभाड्यांनी सुरू केलेली आणि पुढे पेशव्यांनी पुण्यात वाढवलेली, श्रावणात विद्वान ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा सर्वांना ठाऊक आहे. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी तो निधी एकदम बंद केला नाही. त्यातूनच १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, आणि तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज झाले. मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर या निधीतून 'दक्षिणा फेलो' नेमले जाऊ लागले. फेलो म्हणजे वरच्या परीक्षेचा अभ्यास करता करता खालच्या वर्गांना शिकवणारा तरुण. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे तिघेही दक्षिणा फेलो होते. अमेरिकेत आज ज्याला टीचिंग असिस्टंट म्हणतात, ते काम एल्फिन्स्टन आणि डेक्कन कॉलेजात आपली माणसे तेव्हाच करत होती.

मला या व्यवस्थेचे फार अप्रूप आहे. फेलोला प्राध्यापक त्याच इमारतीत भेटत, तो त्यांच्याच वर्गात शिकलेला असे आणि त्यांच्याच धाकट्या विद्यार्थ्यांना शिकवत असे. काल जिथे आपण अडलो तिथेच आज समोरचा अडतो, हे त्याला ताजे आठवत असे. विसाव्या शतकात ही फेलोशिप संशोधनाकडे झुकत गेली. इरावती कर्वे यांना १९२० च्या दशकात मुंबई विद्यापीठात गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्राचा अभ्यास करण्यासाठी दक्षिणा फेलोशिप मिळाली, ती संशोधनासाठी. त्या संशोधनाने आपल्याला काय दिले ते सांगायला नको. शिकवत शिकवत शिकण्याची जुनी रीत मात्र मागे पडली आणि तिच्यासाठी कोणी अर्जही केला नाही.

इथे सावित्रीबाई फुल्यांची आठवण येते. मुलींना अक्षरे शिकवायला उभ्या राहण्याआधी त्यांनी अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेतले. प्राथमिक शाळेच्या शिक्षिकेला प्रशिक्षण हवे, हे १८४० च्या दशकातल्या पुण्यात पटलेले होते. प्राध्यापकालाही ते हवे, हे पटायला अजून वेळ लागतो आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कॉलेजांचे दरवाजे तुडुंब भरले. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकार उचलेल असा कायदा १९४४ मध्ये झाला होता, आणि १९४७ मध्ये कॉलेजात प्रवेश घेणाऱ्यांत जवळजवळ निम्मे हे माजी सैनिकच होते. शिकवायला माणसे आणायची कुठून? तर पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांतून. फी माफ, वर महिना चालेल एवढे मानधन, आणि बदल्यात त्यांनी प्रथम वर्षाच्या तुकड्या सांभाळायच्या, प्रयोगशाळा घ्यायच्या, पेपर तपासायचे. टीचिंग असिस्टंट, म्हणजे 'टीए', ही संस्था अशी गर्दीतून वाढली. शिकवायचे कसे हे त्यांना शिकवावे म्हणून टीए नेमले नव्हते, स्वस्तात तास भरून काढण्यासाठी नेमले होते. या इतिहासातले हे दुखरे सत्य आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही.

पण या गर्दीतच एक माणूस निघाला. विल्बर्ट मॅककीची युद्धात नौदलाच्या विनाशिकेवर होते. परत येऊन ते मिशिगन विद्यापीठात मानसशास्त्राचे विद्यार्थी झाले आणि तिथेच प्रास्ताविक अभ्यासक्रमाच्या टीएंबरोबर काम करू लागले. पहिल्या तासाला काय बोलावे, चर्चा थंड पडली तर काय करावे, परीक्षेचे प्रश्न कसे काढावेत, यावर त्यांनी नवख्यांसाठी टिपणे केली. १९५१ मध्ये त्यांचे 'टीचिंग टिप्स' हे पुस्तक झाले आणि पुढे त्याच्या चौदा आवृत्त्या निघाल्या. कॉलेजात शिकवणे हे उपजत देणे आहे, जमले तर जमले, हा समज मोडायला त्या पुस्तकाने सुरुवात केली. १९६२ मध्ये मिशिगनने अध्यापनाचा अभ्यास आणि शिक्षकांना मदत करणारे स्वतंत्र केंद्र काढले. अमेरिकन विद्यापीठांतले ते अशा प्रकारचे पहिले केंद्र.

पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळाशिक्षकांसाठी सूक्ष्म अध्यापन ही पद्धत बसवली. पाच मिनिटांचा पाठ, समोर चार-पाच विद्यार्थी, एका वेळी एकच कौशल्य, आणि शेजारी व्हिडिओ कॅमेरा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात बी. के. पासी यांनी ती भारतीय वर्गांना साजेशी करून घेतली. आपल्याकडच्या बी.एड. महाविद्यालयांत तिचे जे ३६ मिनिटांचे चक्र झाले ते माझ्या मामेबहिणीला तोंडपाठ होते: ६ मिनिटे पाठ, ६ मिनिटे प्रत्याभरण, १२ मिनिटे पुन्हा तयारी, ६ मिनिटे पुन्हा पाठ, पुन्हा ६ मिनिटे प्रत्याभरण. यातला 'पुन्हा' हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो. चूक कळल्यावर ती दुरुस्त करायला त्याच दिवशी दुसरी संधी मिळते. मला ती संधी पुढच्या वर्षीच्या तुकडीवर मिळाली.

कॅमेरा मग विद्यापीठांतही शिरला. १९७५ मध्ये हार्वर्डने डॅनफर्थ फाउंडेशनच्या मदतीने अध्यापन केंद्र काढले. तिथे पीएच.डी.चे विद्यार्थी-शिक्षक आपल्या तासाचे चित्रीकरण करून घेत आणि एखाद्या जाणकारासोबत बसून ते पाहत. पुढे त्या केंद्राला हार्वर्डचे अध्यक्ष राहिलेल्या डेरेक बॉक यांचे नाव मिळाले. दरम्यान टीए लोकांनी स्वतःच आवाज उठवला होता. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या टीएंनी १९६६ मध्ये संघटना बांधली आणि १९७० मध्ये संप करून पहिला करार मिळवला. पगाराइतकीच त्यांची एक मागणी होती: आम्ही जे शिकवतो त्याच्या आखणीत आम्हालाही जागा द्या. आपल्याकडचे तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक मोर्चे काढतात तेव्हा त्यांचे म्हणणे दरपत्रकापुरते ऐकले जाते, त्यांच्या शिकवण्याबद्दल त्यांना कोणी विचारत नाही. म्हणून विस्कॉन्सिनच्या त्या मागणीबद्दल मला आदर वाटतो.

ऐंशीच्या दशकात या कथेत मराठी मुले येतात. पुण्या-मुंबईहून इंजिनिअरिंग किंवा एम.एस्सी. करून अमेरिकेत गेलेल्या कित्येकांचा पहिला आधार टीएची नोकरी हाच होता. विषय पक्का, हिशेब बिनचूक, पण वर्गात काहीतरी अडकायचे. फळ्यावर 'टू इंटू थ्री' म्हणत सहा लिहिले की समोरची मुले गोंधळून जात, कारण त्यांच्या कानाला 'इंटू' म्हणजे भागाकार. 'झेड' म्हटले की ती 'झी' शोधत. 'एनी डाउट्स?' असे विचारले तर त्यांना वाटे, हा आपल्यावर विश्वास आहे का असे विचारतो आहे. पालकांच्या तक्रारी विधानसभांपर्यंत गेल्या आणि अनेक राज्यांनी शिकवणाऱ्याच्या इंग्रजीची परीक्षा घेण्याचे कायदे केले. परदेशी टीएंचे उच्चार हाच दोष, असे त्या कायद्यांमागे गृहीत होते. ते अन्यायाचे होते, कारण अमेरिकेत जन्मलेल्या टीएला वर्ग कसा घ्यावा हे येते की नाही याची परीक्षा कोणी घेत नव्हते. तरी त्यातून एक चांगले निघाले. परदेशी विद्यार्थ्यांसाठी अनेक विद्यापीठांनी अभ्यासवर्ग काढले. परीक्षकांपुढे दहा मिनिटांचा पाठ, कॅमेरा चालू, मागे दोन-तीन पदवीचे विद्यार्थी बसून खरे प्रश्न विचारणार. हे सगळ्यांनाच हवे आहे, हे मग हळूहळू ध्यानात आले.

१९८६ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात टीएंच्या प्रशिक्षणावर पहिली राष्ट्रीय परिषद भरली. १९९३ मध्ये भावी प्राध्यापकांच्या तयारीचा एक देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला. त्यात पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला शेजारच्या एखाद्या छोट्या कॉलेजात पाठवत आणि तिथला अनुभवी प्राध्यापक त्याचा मार्गदर्शक होई. २००३ पासून विस्कॉन्सिन-मॅडिसनभोवती विज्ञान शाखांच्या अध्यापनासाठी विद्यापीठांचे एक जाळे उभे राहिले. आपण प्रयोगशाळेत जसा पुरावा मागतो तसाच आपल्या वर्गातही मागावा, ही त्याची भूमिका.

आपल्याकडे काय झाले? कागदावर आपण फारसे मागे नव्हतो. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक, आपल्या कोल्हापूरकडचे. त्या आयोगाने सुचवले होते की नव्या व्याख्यात्याला रुळायला वेळ द्यावा, चांगल्या शिक्षकांचे तास त्याने जाऊन ऐकावेत, त्याच्यासाठी उद्बोधन वर्ग असावेत. त्यातली मधली सूचना मला सगळ्यांत शहाणी वाटते आणि तिला एक पैसाही लागत नाही. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांत ॲकॅडमिक स्टाफ कॉलेजे निघाली, चार आठवड्यांचे ओरिएंटेशन आणि तीन आठवड्यांचे रिफ्रेशर सुरू झाले. पण ते नोकरी लागल्यानंतर, आणि बढतीला जोडलेले. 'ओरिएंटेशन झालं का?' हा प्रश्न स्टाफरूममध्ये विचारला जातो तो बहुधा पुढच्या श्रेणीसाठी. १९८९ पासून प्राध्यापकपदासाठी नेट ही पात्रता परीक्षा आली, पुढे राज्याची सेट आली. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापन अभिवृत्ती तपासतात, पण चार पर्यायांतून एक निवडून. वर्गात उभे राहून कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही. मी स्वतः ती परीक्षा उत्तीर्ण झालो आहे. त्या पेपरात मला पूर्ण गुण पडले असते, तरी लिहिताना माझा हात आड येतो हे त्यातून कळले नसते.

आयआयटीत एम.टेक. आणि पीएच.डी.चे विद्यार्थी टीए म्हणून आठवड्याला ८ तास काम करतात. विद्यापीठांत ती प्रथा फारशी नव्हती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांत मात्र प्रत्येक शाखेच्या संशोधक विद्यार्थ्याने आपल्या विषयाच्या अध्यापनाचे प्रशिक्षण घ्यावे असे आले आहे. ट्युटोरियल, प्रयोगशाळा आणि मूल्यमापनासाठी त्याला आठवड्याला ४ ते ६ तास काम देता येईल, असेही त्यात आहे. दक्षिणा फेलोच्या जवळ जाणारी ही गोष्ट आहे. मला भीती एवढीच आहे की तास देणे सोपे असते आणि प्रशिक्षणाचा कागदही करता येतो, पण मागच्या बाकावर कोणी येऊन बसेल का, हे नियमात लिहिता येत नाही.

म्हणून गेल्या जानेवारीत मी आमच्या विभागातल्या एका संशोधक विद्यार्थ्याला विचारले, तुझ्या ट्युटोरियलला येऊन बसू का? तो 'हो' म्हणाला, पण घाबरून. मी निरीक्षणवही नेली, मामेबहिणीच्या वहीसारखीच, मधोमध रेघ मारलेली. डावीकडे घडले ते, उजवीकडे काहीच नाही, कारण शेरा लगेच मारायचा नाही असे ठरवले होते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने सत्तरच्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवून दिले होते की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरे लांबतात, जास्त मुले बोलतात. मी घड्याळ काढून ठेवले. त्याने ५० मिनिटांत १९ प्रश्न विचारले. दोनदाच तो दोन सेकंदांपेक्षा जास्त थांबला, आणि त्या दोन्ही वेळी कोणीतरी बोलले. एकदा खिडकीशी बसलेल्या मुलाने चुकीचे उत्तर दिले, ते चुकीचे का हे शोधण्यात वर्गाची चार मिनिटे गेली, आणि संबंध तासात मुले वहीतून मान वर करून एकमेकांकडे बघत होती ती त्याच चार मिनिटांत.

तास संपल्यावर कँटीनमध्ये मी वही त्याच्या हातात दिली. त्याने ती दोनदा वाचली. सेकंदांच्या आकड्यांवर बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "सर, तो खिडकीपाशी बसलेला मुलगा याआधी कधीच बोलला नव्हता." उजवीकडच्या रिकाम्या बाजूला त्याने स्वतःच काहीतरी लिहिले, मला दाखवले नाही, आणि विचारले, "पुढचं ट्युटोरियल गुरुवारी अकराला आहे. याल का?"

गुरुवारी गेलो तेव्हा मागचा बाक त्याने पुसून ठेवला होता.